मुस्तफा संग्रहात का नाही?

कराडच्या चाळिशीतल्या मित्रांना जुन्या फायटिंग गेमबद्दल विचारलं, तर पहिलं नाव येतं ‘मुस्तफा’. हे त्यातल्या एका पात्राचं नाव. गेम म्हणजे कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३). २०१८ मध्ये कॅपकॉमने ‘फायनल फाइट’सह असे सात जुने गेम एकत्र पुन्हा काढले. त्यात मुस्तफा नाही. तो मार्क शुल्त्झ यांच्या कॉमिक्सवर बेतलेला, त्यामुळे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत.

मग अशा संग्रहांनी समाधान होतं का? अर्धंच. गेम मिळतो, पार्लरमध्ये पाठीशी उभं राहून ‘अरे, उडी मार!’ ओरडणारी पोरं मिळत नाहीत.

संशोधनाला बसताना एवढं ध्यानात ठेवा: काय जपलं जातं हे हक्कांवरही ठरतं. म्हणून संग्रहाची यादी बघा, पण मुलाखतीही घ्या.