शिकलेले टिकते काय?

मंगळवेढ्यात ज्वारीचा विषय निघाला की पेवाची आठवण होतेच. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांस खुली केली, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. खळ्यावर रास मोठी झाली म्हणून शेतकरी निश्चिंत होत नाही. पेव उघडल्यावर दाणा कसा निघतो, हे तो पाहतो. हीच कसोटी आपण महाराष्ट्रातील एका थोर प्रयोगास लावून पाहू.

सन १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. सुमारे चार महिन्यांत प्रौढांस लिहिण्यावाचण्याची तोंडओळख करून द्यावी आणि हे काम लोकांनी स्वबळावर करावे, अशी तिची योजना होती. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. अंगठ्याखेरीज दुसरी खूण ज्यांस ठाऊक नव्हती, ते आपल्या नावाची सही करू लागले. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु समारंभाचा दिवस हा खळ्याचा दिवस होय. पुढचा पाठपुरावा तोकडा पडला आणि कित्येक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. त्यात दोष शिकणाऱ्यांचा नव्हता. वर्ग संपले, घरात वाचण्याजोगे काही नव्हते. न वापरलेले अक्षर किती दिवस राहणार?

मग तपासावे कसे? गुरुजींसमोर रोजचाच धडा म्हणून दाखविणे पुरेसे नाही. तेथे पाठांतरही वाचनासारखे दिसते. जनगणनेतही साक्षरता विचारून नोंदवितात, वाचून घेत नाहीत. खरी परीक्षा वर्ग संपून सहा महिने, वर्ष लोटल्यावर घ्यावी, आणि तीही न पाहिलेल्या कागदावर: सातबाऱ्याचा उतारा, बँकेचे पुस्तक, एसटीची पाटी. वर्तनावर आधारलेल्या अध्यापनातही बक्षीस व मदत थांबविल्यावर काही आठवड्यांनी कौशल्य पुन्हा पाहतात. जे विसरले ते तेव्हाच कळते आणि उजळणीने सावरताही येते. अशी तपासणी माणसास नापास करण्यासाठी नसते. शिकविणाऱ्यांचे काम पुरे झाले की नाही, हे ती सांगते.

सन २०२२ मध्ये सुरू झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. त्यांचा आनंद आपण अवश्य मानावा. मात्र वर्षाने त्याच घरी जाऊन, “आजी, एवढे वाचून दाखवता का?” असे आदराने विचारणारे कोणी असावे. आणि जाताना हाती एखादे पुस्तक न्यावे. ते मात्र तेथेच ठेवून यावे.