रायफल, अर्धस्वयंचलित लक्ष्यवेधी

चाप ओढताच एक गोळी सुटते, दारूच्या वायूच्या किंवा प्रतिक्षेपाच्या जोराने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन नवे आपोआप भरले जाते आणि पुढील गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो, अशा रायफलीस अर्धस्वयंचलित किंवा स्वयंभरणी रायफल म्हणतात. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी विशेष काळजीने जुळविलेली अशी रायफल ती लक्ष्यवेधी रायफल होय. तिची अचूकता मुख्यतः नळीवर अवलंबून असते. परंतु युद्धात नळीला जे गुण लागतात तेच स्पर्धेत उपयोगी पडतात असे नाही. या दोन गरजांमधील ओढाताण तिच्या इतिहासात सतत दिसून येते.

पूर्वपीठिका : रायफलीच्या नळीत आतून सर्पिल चर पाडलेले असतात. त्यांमुळे गोळीला परिवलन गती मिळून ती मार्गात स्थिर राहते. चरांचा पीळ किती असावा याचा पद्धतशीर अभ्यास सर जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) या ब्रिटिश अभियंत्याने १८५४ पासून केला. तत्कालीन एन्फील्ड रायफलीत चरांचा एक वेढा सु. १९८ सेंमी. मध्ये पूर्ण होई. व्हिटवर्थच्या षट्‌कोनी छिद्राच्या नळीत तो सु. ५१ सेंमी. मध्येच पूर्ण होई. १८५७ च्या चाचण्यांत ४५७ मी. (५०० यार्ड) अंतरावर एन्फील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन सु. ६८ सेंमी., तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचे सु. ११ सेंमी. भरले. तथापि ही नळी खर्चिक होती आणि दारूच्या काजळीने लवकर तुंबे. म्हणून ब्रिटिश सैन्याने ती सर्रास स्वीकारली नाही. १८६० मध्ये विंबल्डन येथील स्पर्धांचे उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीने मात्र व्हिटवर्थ रायफलीनेच केले. जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये गोळीची लांबी व व्यास यांवरून पीळ ठरविण्याचे सूत्र मांडले. गोळी जितकी लांब तितका पीळ अधिक आवळ हवा, हे त्याचे सार होय.

गॅरंड रायफल : स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील जॉन गॅरंड (१८८८–१९७४) याने अभिकल्पिलेली एम-१ ही रायफल अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारली. तिची नळी ६१ सेंमी. लांब असून चरांचा वेढा २५·४ सेंमी. मध्ये पूर्ण होतो. नळीच्या तोंडाजवळील बारीक छिद्रातून वायू खाली येतो व लांब दांड्याला मागे ढकलून यंत्रणा चालवितो. हाताने बोल्ट चालविण्याच्या रायफलीत नळीवर असा भार नसतो. येथे मात्र वायूचे नळकांडे, दांडा, लाकडी आवरणे व त्यांच्या कड्या यांचा दाब नळीवर येतो. गोळी झाडताना नळी कंप पावते. हा दाब दर वेळी सारखा नसेल, तर कंपनाची रीत बदलते व गोळ्या पसरतात. लाकूड पावसाने फुगले किंवा नळी तापून लांबली, तरी हाच परिणाम होतो.

१९५० नंतरच्या दशकात शस्त्रागाराने ओहायओ राज्यातील कँप पेरी येथे होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी एम-१ चा विशेष प्रकार तयार केला. त्यात काटेकोर मापाच्या निवडक नळ्या बसविल्या. वायूचे नळकांडे घट्ट केले आणि यंत्रणेचा सांगाडा लाकडी दस्त्यात जेथे टेकतो, तेथे काचतंतू व रेझीन यांचे अस्तर भरले. म्हणजे मुख्य सुधारणा नळी ज्यांवर टेकते त्या आधारांत झाली.

मुलाम्याचा प्रश्न : १९५७ मध्ये स्वीकारलेल्या ७·६२ मिमी. एम-१४ रायफलीच्या नळीला आतून क्रोमियमचा मुलामा दिलेला असे. त्यामुळे नळी गंजत नाही व तप्त वायूने कमी झिजते. परंतु मुलाम्याची जाडी सर्वत्र सारखी राखणे अवघड असल्याने अचूकता काहीशी घटते. म्हणून १९६० नंतर तयार झालेल्या तिच्या स्पर्धा-प्रकारात मुलामा वगळण्यात आला.

स्पर्धेत जो मुलामा अडचणीचा ठरला, त्याचा अभाव युद्धात प्राणघातक ठरला. ५·५६ मिमी. एम-१६ ही रायफल व्हिएटनाममध्ये प्रथम गेली, तेव्हा तिच्या नळीला व काडतूस बसण्याच्या कोठीला मुलामा नव्हता. दमट हवेत कोठी गंजे. दारूचा प्रकार बदललेला होता व सफाईचे साहित्यही अपुरे होते. परिणामी रिकामी काडतुसे कोठीत अडकून ऐन चकमकीत रायफली बंद पडल्या आणि सैनिक प्राणास मुकले. अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने १९६७ मध्ये या व्यवस्थेवर कठोर टीका केली. त्याच वर्षी कोठीला व पुढे सबंध नळीला मुलामा देण्यास सुरुवात झाली.

मुक्त नळी : एम-१६ च्या पूर्वरूपात चरांचा वेढा ३५·६ सेंमी. चा होता. थंड व दाट हवेत गोळी पुरेशी स्थिर राहीना, म्हणून १९६३ मध्ये तो ३०·५ सेंमी. करण्यात आला. १९८० नंतरच्या एम-१६ ए-२ मध्ये लांब गोळीसाठी तो १७·८ सेंमी. झाला. या आवळ पिळामुळे सु. ५·२ ग्रॅ. वजनाची लांब स्पर्धा-गोळी वापरणे शक्य झाले आणि लहान व्यासाच्या या रायफलीला ५४९ मी. (६०० यार्ड) अंतरावरील स्पर्धेत स्थान मिळाले. तेथील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास सु. ३० सेंमी. असतो.

या रायफलीची नळी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात थेट बसविलेली असल्याने लाकडी दस्त्याचा प्रश्न उरला नाही. मात्र नेमबाज पट्टा ताणून धरी तेव्हा नळी किंचित वाके व गोळ्या दुसरीकडे लागत. यावर उपाय म्हणून हाताच्या आवरणाखाली एक नळकांडे बसविण्यात आले. ते फक्त मागच्या टोकाला सांगाड्याशी जोडलेले असते व पट्ट्याचा ताण तेच सोसते; नळीला त्याचा स्पर्श होत नाही. या रचनेस मुक्त नळी म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात या रायफलीने कँप पेरीच्या स्पर्धांत एम-१४ ला मागे टाकले.

स्पर्धेच्या नळ्या बहुधा जाड व अगंज पोलादाच्या असतात. जाडी थोडी वाढली तरी ताठपणा पुष्कळ वाढतो, कारण तो व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणे बदलतो. घडणीत राहिलेले ताण उष्णता देऊन काढले नाहीत, तर नळी तापताच वाकते. चर कापून, दाबून किंवा थंड धातू ठोकून घडविले जातात. अशी नळी काही हजार गोळ्यांनंतर कोठीपुढील भागात झिजते व बदलावी लागते. स्पर्धक हा खर्च पत्करतो. सैनिकाला मात्र चिखलात, पावसात व सफाईवाचूनही चालणारी नळी लागते. त्यासाठी अचूकतेचा काही अंश सोडावा लागतो.