नारायण विनायक जगताप कोण?

1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. त्यात 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी वाचली की ना. वि. ज. होतात. आपलं अक्षर परिषदेतले लोक ओळखतील म्हणून त्यांनी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली होती. एवढा खटाटोप कशासाठी? तर कथेला बक्षीस मिळालं तर ते कथेला मिळावं, नावाला नको, म्हणून.

मला ही हकीकत फार आवडते. पण हल्ली ती आठवली की जरा अस्वस्थ व्हायला होतं. कारण माझी भाची नेमका हाच मुद्दा माझ्याविरुद्ध वापरते. "मावशी, गोष्ट चांगली असली की झालं. माणसाने लिहिली की मशीनने, काय फरक पडतो? तुझ्या नारळीकरांनी तरी नाव कुठे सांगितलं होतं?"

प्रश्न बिनतोड आहे. म्हणून जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं. लेखक कोण हे आपल्या मराठी वाचकाने आजवर कधी विचारलं, आणि का विचारलं?

सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करू. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' पत्रात 1890 पासून क्रमशः आली. ती आहे यमूची आत्मकथा. लहानपण, लग्न, सासर, वैधव्य, सगळं यमू स्वतः सांगते. आणि लिहिणारा कोण? पंचविशीतला एक पुरुष! म्हणजे 'ज्याने अनुभव घेतला नाही तो कसा लिहिणार?' हा आक्षेप जो आज यंत्रावर घेतला जातो, तो हरिभाऊंवरही घेता आला असता.

मग फरक काय? मला वाटतं, फरक असा की हरिभाऊ त्याच पुण्यात राहत होते. संमतिवयाच्या कायद्यावरून तेव्हा पुणं पेटलेलं होतं, आणि कायदा 1891 मध्ये झाला. अशा वेळी यमूच्या तोंडून बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने चालायचं होतं, त्याच माणसांना तोंड द्यायचं होतं. शिवाय त्यांच्या ओळखीत काशीबाई कानिटकरांसारखी स्वतः लिहिणारी बाई होती. दोघांचा पत्रव्यवहार पुढे छापलाही गेला. म्हणजे यमू लिहिणाऱ्या पुरुषाला 'हे असं नसतं हो' असं सांगू शकेल अशी बाई पत्राच्या अंतरावर होती. अनुभव उसना होता, पण ज्यांच्याकडून उसना घेतला ती माणसं जवळपास होती.

दुसरी गोष्ट 1933 ची. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघडपणे आलं होतं की एकच गदारोळ झाला. आणि सगळ्यांच्या तोंडी एक प्रश्न, ही विभावरी शिरूरकर कोण? त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बाईने त्या काळात असं पुस्तक स्वतःच्या नावाने काढलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना आपण करू शकतो. म्हणून मुखवटा.

आता हे दोन मुखवटे शेजारी ठेवा. नारळीकरांनी मुखवटा घातला कारण त्यांचं नाव मोठं होतं. मालतीबाईंनी घातला कारण नाव कळलं तर किंमत मोजावी लागली असती. कारणं उलटी, पण एक गोष्ट सारखी. मुखवटा काढला की आत माणूस सापडत होता. आणि त्या माणसाचं काहीतरी पणाला लागलेलं होतं. गमावण्यासारखं काही नसेल त्याला मुखवटा लागतच नाही.

"बरं, पण भराभर छापलेल्या गोष्टींचं काय? त्यात कसलं आलंय पणाला लावणं?" हा भाचीचा दुसरा बाण. त्यावर मी आमच्या तालुक्यातलंच उदाहरण देते. बाबुराव अर्नाळकर! मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण टोपणनावातलं अर्नाळा म्हणजे विरारच्या पश्चिमेला समुद्रकाठी किल्ला असलेलं आमचं अर्नाळा. धनंजय, झुंजार, काळा पहाड... आमच्या आधीच्या पिढीने वाचनालयातून एकेका दिवसात संपवलेली पुस्तकं. हजाराच्या वर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. समीक्षकांनी कायम नाकं मुरडली. साचा ठरलेला, पात्रं ठरलेली, शेवटी गुन्हेगार सापडणार हेही ठरलेलं.

म्हणजे 'साच्यातून काढलेली गोष्ट' ही काही यंत्राने आणलेली नवलाई नाही. आपण ती आवडीने वाचत आलोय, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आता हे आकडे बघा. 2023 च्या सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने स्वतःहून पुस्तकं प्रकाशित करणाऱ्यांवर मर्यादा घातली. एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं! तीन ही कमाल मर्यादा बरं का, म्हणजे घातलेला लगाम. तीन गुणिले 365 म्हणजे 1095. बाबुरावांनी अख्ख्या आयुष्यात जेवढं लिहिलं, तेवढं एका खात्यावरून एका वर्षात, आणि तेही नियमात बसून.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकाने नव्या कथा घेणं काही काळ थांबवलं होतं. यंत्राने लिहिलेल्या कथांचा पूर आला आणि संपादक नील क्लार्क यांना खऱ्या कथा शोधणं अशक्य झालं. चॅटजीपीटी लोकांच्या हातात येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते नवख्या लेखकांचं. प्रस्थापितांना संपादक नावाने ओळखतात. पोस्टाने कथा पाठवून धडधडत्या काळजाने वाट बघणारा जो कोणी 'जगताप' असतो, त्याचंच दार आधी बंद होतं. आणि मराठीत तर कथेची मुख्य पेठ म्हणजे दिवाळी अंक, त्यातले कितीतरी अंक एकटादुकटा संपादक नोकरी सांभाळून काढतो. त्याच्यावर असा पूर आला तर तो काय करणार? ओळखीच्याच लेखकांना फोन करणार.

आता उचलेगिरीबद्दल. यंत्र इतरांचं वाचून लिहितं, ही तक्रार खरी आहे. पण मराठी कादंबरीने तरी काय केलं? खुद्द हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' (1885) रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकारावरून बेतलेली. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो. पुलंची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून, 'एका कोळियाने' हेमिंग्वेवरून. उसनवारी हा आपला जुना धंदा!

पण त्या धंद्याला हिशेबाची वही होती. भाषांतर, रूपांतर, स्वैर अनुवाद, 'अमुकवर आधारित'... किती शब्द आहेत बघा आपल्याकडे! आपलं किती आणि परक्याचं किती, हे सांगण्यासाठी मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक छोटीशी ओळ असायची. सगळ्यांनी ती लिहिली असं नाही, काहींनी मूळ लेखक दडवलेही. पण दडवलेलं अभ्यासक शोधून काढत, कारण शोधण्यासारखा मूळ लेखक कुठेतरी असायचा. यंत्राच्या गोष्टीत तो नसतो. म्हणजे असतात, लाखो असतात, पण एकाचंही नाव उरलेलं नसतं.

त्या लाखोंनी आता हिशेब मागायला सुरुवात केली आहे. 2025 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने अमेरिकेतल्या लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. चोरट्या संकेतस्थळांवरून उतरवलेली सुमारे 5 लाख पुस्तकं, दर पुस्तकामागे साधारण 3000 डॉलर. वाचून बरं वाटलं. मग बारीक अक्षरातलं वाचलं. ही तडजोड अमेरिकेत कॉपीराईटची नोंदणी झालेल्या पुस्तकांपुरती आहे. आपल्या किती मराठी लेखकांनी तिथे नोंदणी केली असेल, तुम्हीच सांगा.

आता जरा घरचं. आमच्या एव्हरशाईन सिटीत यंदा मराठी भाषा गौरव दिनाला आम्ही काही जणांनी कथास्पर्धा ठेवली. विषय 'माझी वस्ती'. नारळीकरांना स्मरून नावं झाकून ठेवली, फक्त क्रमांक. 23 कथा आल्या. वाचायला घेतल्या आणि पाचव्या-सहाव्या कथेपर्यंत मला वाटायला लागलं की ही मी आत्ताच वाचली. पावसाळी संध्याकाळ. खिडकीशी आजी. जुनी लाकडी पेटी. पेटीत पिवळं पडलेलं पत्र. शेवटी डोळ्यांच्या कडा ओलावणार. तीन कथांमध्ये तर गॅलरीतून समुद्र दिसत होता! मंडळी, एव्हरशाईन वसईच्या पूर्वेला. समुद्र पश्चिमेला, मध्ये रेल्वे आणि आख्खी जुनी वसई. आमच्या गॅलऱ्यांतून दिसलेच तर तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात.

2024 मध्ये डोशी आणि हाउझर या दोन संशोधकांनी असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही लेखकांना गोष्टीसाठी यंत्राकडून कल्पना घेऊ दिल्या, काहींना नाही. यंत्राची मदत घेतलेल्या गोष्टी वाचकांना एकेक करून जास्त चांगल्या वाटल्या. पण सगळ्या शेजारी ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या निघाल्या. आमच्या 23 कथांना हे तंतोतंत लागू पडलं.

पण कोणावर आरोप करणार? ओळखण्याची यंत्रं आहेत म्हणतात, त्यांच्यावर विसंबून एखाद्या मुलाला सगळ्यांसमोर खोटं ठरवायचं धाडस मला नाही. आम्ही ठरवलं की गुण देऊन झाले की नावं उघडायची आणि प्रत्येकाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या. परीक्षा नाही हं, गप्पा.

एका शाळकरी मुलीने टँकरवर गोष्ट लिहिली होती. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, आणि गोष्ट मध्येच थांबलेली. बादल्यांची रांग लागलेली असते आणि कथा संपते. मी विचारलं, "अगं, शेवट का नाही केलास?" ती म्हणाली, "कारण त्या दिवशी टँकर आलाच नाही." दुसऱ्या एका मुलाला विचारलं, "तुझ्या गोष्टीत ती पेटी कुठून आली रे?" तो जरा गोंधळला. म्हणाला, "गोष्टीत तशी असते ना, काकू?"

त्याने स्वतः लिहिली होती की यंत्राकडून, मला आजही सांगता येणार नाही. आणि त्याचं उत्तर खोटंही नव्हतं, कारण पेट्या आणि पत्रं आम्ही मोठ्यांनीच वर्षानुवर्षं दिवाळी अंकांत भरून ठेवली आहेत. यंत्र तेच शिकलं, मुलगाही तेच शिकला. पण मुलाला मी पुढचा प्रश्न विचारू शकले, "तुझ्या घरी पेटीऐवजी काय आहे?" त्यावर तो दहा मिनिटं बोलत होता, आजोबांच्या गिरणीच्या पासाबद्दल. यंत्रालाही तोच प्रश्न विचारता येतो, उत्तरही लगेच मिळतं. पण त्याच्या घरी काहीच नसतं.

भाचीला माझं उत्तर हे आहे. गोष्ट वाचताना लेखकाचं नाव नसलं तरी चालतं. नारळीकरांचं खरं आहे. पण नाव झाकलेलं असणं आणि नावच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचक गोष्टीवर विश्वास टाकतो तो, हे कोणीतरी, काहीतरी पाहून, काहीतरी धोका पत्करून मला सांगतंय या हिशेबाने. तो हिशेब खोटा असेल तर तसं आधी सांगावं, इतकंच.

आणि सांगता येतं. जपानच्या री कुदान यांना 2024 च्या जानेवारीत अकुतागावा पारितोषिक मिळालं तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की कादंबरीतला सुमारे 5 टक्के मजकूर चॅटजीपीटीचा जसाच्या तसा आहे. त्यावर लोकांनी हवा तेवढा वाद घातला, पण वाद घालायला समोर बाई होती. ॲमेझॉननेही 2023 मध्ये, पुस्तक यंत्राने लिहिलेलं असेल तर तसं कळवण्याचा नियम केला. गंमत म्हणजे कळवायचं कंपनीला. विकत घेणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांसमोर ती माहिती ठेवण्याची सक्ती त्यात नव्हती. ज्याने विचारायचं त्याच्यापासूनच लपवलेलं!

म्हणून मला वाटतं, कायदेकानू होतील तेव्हा होतील, तोवर आपण आपला जुना शहाणपणा वापरावा. भाषांतर, रूपांतर, आधारित या रांगेत अजून एक शब्द बसवावा. 'यंत्रसाह्य' म्हणा, 'यंत्ररचित' म्हणा, याहून चांगला सुचला तर तो घ्या. ज्याला वाचायचं तो वाचेल. बाबुरावांच्या पुस्तकांसारखा एका बैठकीत फडशाही पाडेल. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या पत्रकात आम्ही ती ओळ घालणार आहोत. सोबत पाच मिनिटांच्या गप्पाही राहतील. टँकरवाल्या मुलीला बक्षीस मिळालं का, हे विचाराल तर उत्तेजनार्थ मिळालं. तीन परीक्षकांपैकी दोघांना शेवट हवा होता.