फायटर माशांसाठी कमी खर्चातील छोट्या टाक्या

फायटर (बेट्टा) माशाची एक जोडी एका विणीत शंभर-दोनशे पिल्ले देऊ शकते. खरी अडचण दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. नर एकमेकांचे पर फाडू लागतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र भांडे लागते. घाटकोपरच्या एका खोलीच्या घरात किंवा बोरिवलीच्या गॅलरीत हा पूरक व्यवसाय करायचा असेल, तर जोडी लावण्याआधी भांड्यांचा आणि पाण्याचा हिशेब मांडा.

समजा, विणीतून शंभर नर निघाले. प्रत्येकी २ लिटर पाणी धरले तर २०० लिटर होतात. एवढ्या कमी पाण्यात विष्ठेतून अमोनिया लवकर साठतो, म्हणून दर तिसऱ्या दिवशी सगळे पाणी बदलावे लागते. रोजचे सरासरी ६५ ते ७० लिटर झाले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा मापदंड धरतात. म्हणजे घरात अर्धा माणूस वाढला असे समजा. तेवढे पाणी मिळत नसेल तर वीस-पंचवीस नर ठेवा, बाकीची पिल्ले लहानपणीच विका.

विक्रीपर्यंत : बरण्या

फायटर कल्ल्यांबरोबरच पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे हवेच्या पंपाशिवाय बरणीत जगतो. फरसाणवाल्यांकडच्या दीड-दोन लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बरण्या यासाठी चांगल्या. मात्र तेलाचा थर राहिला तर तो पाण्यावर पसरतो. साबण न वापरता कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने बरणी दोन-तीनदा घासा. झाकणाला भोके पाडा आणि वर चार-पाच सेंमी जागा रिकामी सोडा. हा मासा उडी मारतो. दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा उभा करा. नर दिवसभर एकमेकांना पाहून फुलारत राहिले तर थकतात. थायलंडमध्येही चपट्या बाटल्या ओळीने लावून मध्ये पुठ्ठे घालण्याची जुनी पद्धत आहे.

बरणी ही तात्पुरती सोय आहे. गिऱ्हाईक ‘कायम यातच ठेवू का?’ असे विचारते तेव्हा ‘नाही’ म्हणा. अर्ध्या लिटरच्या काचेच्या वाडग्यात मासा विकणे सोपे, पण तो महिन्याभरात मेला की गिऱ्हाईक परत येत नाही.

कायमची टाकी : काच कापून घ्या

एका माशाला किमान १० ते १२ लिटर पाणी द्यावे. ३० × २० × २५ सेंमीची टाकी २० सेंमीपर्यंत भरली की साधारण १२ लिटर बसतात. जवळच्या काचेच्या दुकानातून ५ मिमी जाडीचे पाच तुकडे कापून घ्या : तळ ३० × २०, पुढची व मागची बाजू प्रत्येकी ३० × २५, आणि दोन आडव्या बाजू १९ × २५. आडव्या बाजू पुढच्या-मागच्या काचांमध्ये बसतात, म्हणून २० मधून दोन काचांची जाडी वजा केली. सिलिकॉनसाठी आणखी एक-दोन मिमी कमी ठेवा. कडा घासून द्यायला सांगा. सिलिकॉन मत्स्यालयाचेच घ्या. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमधील औषध माशांना घातक असते, इथे पैसे वाचवू नका. दोन दिवस वाळू द्या, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावर पाणी भरून एक दिवस गळती पाहा.

भरलेली टाकी सुमारे १६ किलोची होते. दहा टाक्यांचे स्टँड १६० किलोच्या पुढे जाते. ते पोटमाळ्यावर किंवा बाहेर काढलेल्या जाळीवर ठेवू नका, भिंतीलगत जमिनीवर ठेवा.

वीण आणि पिल्ले : थर्माकोलचे खोके

वर्सोवा, मरोळच्या मासळी बाजारात बर्फाचे थर्माकोल खोके मिळतात. धुऊन, उन्हात वाळवून, आत जाड प्लास्टिक अंथरून वापरा. विणीसाठी १० ते १५ सेंमीच पाणी ठेवा. तुडुंब भरले तर बाजू फुगतात. थर्माकोलमुळे पाण्याचे तापमान पटकन बदलत नाही. जानेवारीत राष्ट्रीय उद्यानालगतच्या बोरिवली, मुलुंड भागात पहाटे चांगलीच थंडी पडते आणि माशाला २४ ते २८ अंश सेल्सिअस लागते, तेव्हा हा फरक जाणवतो. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत झाकण ठेवा, कारण वरची हवा घेण्याचे इंद्रिय याच काळात तयार होते. रसायनांची निळी पिंपे कापून वापरू नका, कितीही धुतली तरी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी ते २४ तास उघड्या पिंपात ठेवा, तोंडाला बारीक जाळी बांधा. डेंगीचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी पिंपे तपासतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासा.

मोठ्या प्रमाणावर करायचे असल्यास प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी ३ लाख रुपये प्रकल्पखर्च धरलेला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अर्ज सध्या सुरू आहेत का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. अनुदान धरून टाक्या आधीच विकत घेऊ नका.