डांबरातला निळा उजेड

नरडाण्याला सुरत-भुसावळ लोहमार्ग आग्रा रस्त्याला मिळतो. तिथे ज्यांनी कोळशाची इंजिने पाहिली, त्यांना दगडी कोळसा काय चीज आहे हे सांगायला नको. हवा न लागू देता तो भाजला, की काळे डांबर निघते. त्या डांबरात १८३२ साली द्यूमा आणि लोराँ या फ्रेंच रसायनज्ञांना अँथ्रासीन सापडले; १८३४ साली जर्मनीच्या रुंगेला क्विनोलिन. आजची गोष्ट या दोघांची.

१९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप व सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकाला सुमारे ४०० व्होल्टचा दाब दिला, आणि स्फटिक निळा उजळला. तापून नव्हे, बरे का, थंडच! पण इतका दाब घेऊन पडदा कसा चालवायचा? १९८७ साली कोडॅक कंपनीतील तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी अत्यंत पातळ थर एकावर एक बसवून दहा व्होल्टच्या आत काम भागवले. उजेड मात्र हिरवा पडला.

पडद्याला तांबडा, हिरवा, निळा असे तिन्ही लागतात. रंग रेणूच्या घडणीवर ठरतो. तुणतुण्याची तार आखूड, तर सूर उंच. तसेच रेणूत इलेक्ट्रॉनला फिरायला वाट आखूड, तर प्रकाश निळ्याकडे झुकतो. म्हणून रसायनज्ञ कड्यांची माळ तोकडी ठेवतात, किंवा एखादे कडे मुद्दाम मुरडून वाट अडवतात. पण निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा तांबड्याहून सुमारे चाळीस टक्के जास्त, आणि तिच्या माऱ्याने रेणूचेच बंध तुटतात. पहिला दिसलेला रंग सर्वांत नाजूक निघाला!

आपल्या नागपुरात थेजो कल्याणी आणि संजय ढोबळे यांनी हेच काम हाती घेतले. क्विनोलिनला दोन फेनिल कडी जोडायची, त्यावर कधी क्लोरीन, कधी ब्रोमिन बसवायचे, आणि निळा कसा सरकतो ते पाहायचे. क्विनोलिन म्हणजे रुंगेचेच. या रेणूंतले क्विनोलिनचे कडे मात्र डांबरातून न काढता प्रयोगशाळेत घडवतात. या दिव्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ, दक्षिण आफ्रिकेच्या स्वार्ट यांच्यासह, २०१७ साली निघाला. आमच्याकडे शिक्षकांनी तो चाळायला हरकत नाही. गणित फार नाही.

दरम्यान कारखानदारांनी एक साधी युक्ती योजली. अनेक मोबाइलच्या पडद्यांत निळा ठिपका इतरांहून मोठा असतो. तेवढाच उजेड मोठ्या जागेत वाटला, की प्रत्येक रेणूवरचा भार हलका होतो आणि निळा थोडा अधिक टिकतो.