बाटलेलं पाणी

पाणी बाटतं, हे आम्हाला शेकडो वर्षं ऐकवलं. कशानं बाटतं? तर आमच्या हातानं.

कोल्हापूरचीच गोष्ट घ्या. सरकारी पागेतले नोकर गंगाराम कांबळे. मराठा नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना फोडून काढलं. शाहू महाराजांना हे कळलं. त्यांच्या मदतीनं गंगारामांनी हॉटेल काढलं आणि महाराज स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले. १९१९ साली हुकूम निघाला, सार्वजनिक विहिरी, नदीचे पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या साली माणगावची परिषद झाली. कागदावर विहीर खुली झाली. गावोगावी आमच्या आया मात्र घागर खाली ठेवून, कुणी वरून ओततंय का बघत उभ्याच राहिल्या.

मग महाड. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले. त्यावर सवर्णांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या. तळं शुद्ध झालं म्हणे!

दोस्तांनो, इथं जरा थांबा. शेणामुतात नायट्रोजन असतो. मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. ते पाण्यात मिठासारखं विरघळतं, पण खारट लागत नाही. रंग नाही, वास नाही. १०८ घागरींनी तळं विषारी झालं असं मी म्हणत नाही. पण ज्यानं पाणी खरंच बाटतं तेच ओतून त्याला शुद्धी म्हणायची, ही अक्कल बघा.

१९४५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॉक्टर कॉमलींनी लिहिलं, विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजलेली तान्ही पोरं निळी पडतात. नायट्रेटमुळं त्यांचं रक्त प्राणवायू वाहीनासं होतं. विहिरी कसल्या? उथळ, गोठ्याजवळच्या, संडासाजवळच्या. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याची हद्द ठरली आहे, लिटरला ४५ मिलिग्रॅम.

आता आपला जिल्हा. महाराजांनी सुरू केलेलं राधानगरीचं धरण, पंचगंगेचं पाणी, त्यावर ऊस, उसाला युरियाची पोती. पिकानं घेऊन उरलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं. वर शोषखड्डे, उकिरडे, गटारी. जमिनीखालच्या पाण्यात नायट्रेट सापडलेल्या जिल्ह्यांच्या केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत कोल्हापूरचंही नाव आहे. ऊस कुणाचा? आणि आमच्या वस्तीचा हातपंप कुठं? गावाचं गटार जिथं येऊन संपतं तिथं. पोतं फोडणारा हात बऱ्याचदा आमचाच, रोजानं.

उकळून प्या म्हणतात. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते दाटच होतं. तुरटीनं जात नाही, फडक्यानं गाळून जात नाही. तपासल्याशिवाय कळतही नाही. म्हणून आयाबायांना सांगा, सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला अंगावरचंच दूध, वरचं पाणी नको. आणि ग्रामसभेत उठून एवढंच मागा: आमच्या पंपाचं पाणी तपासा, आकडा पंपावरच रंगवा, ४५ च्या वर निघाला तर दुसरं पाणी द्या.

महाडला पाण्याला शिवायचा हक्क मागितला. आता त्या पाण्यात काय आहे ते कळायचा हक्क मागायचा. निळा रंग आपल्या झेंड्याचा. तो लेकराच्या ओठांवर नको.