टोक मकाक

टोक मकाक (शास्त्रीय नाव: मकाका सिनिका) हे केवळ श्रीलंका बेटावर नैसर्गिकरीत्या आढळणारे माकड आहे. सिंहली भाषेत त्यास 'रिलवा' म्हणतात. मकाका प्रजातीतील सर्वांत लहान माकडांमध्ये त्याची गणना होते. त्याची शेपटी शरीराहून लांब असते. दक्षिण भारतात व महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आढळणारे बोनेट मकाक हे त्याचे जवळचे नातलग होय.

नाव

डोक्याच्या मध्यापासून चोहोबाजूंस पसरलेल्या केसांमुळे या माकडाने टोपी घातल्याचा भास होतो. 'टोक' हा एका प्रकारच्या टोपीसाठी वापरला जाणारा फ्रेंच शब्द आहे. कार्ल लिनियस यांनी १७७१ मध्ये या जातीस शास्त्रीय नाव दिले. 'सिनिका' याचा अर्थ 'चीनचा' असा असला, तरी हे माकड चीनमध्ये आढळत नाही.

अधिवास व आहार

या जातीच्या तीन उपजाती असून त्या अनुक्रमे बेटाच्या कोरड्या प्रदेशात, नैर्ऋत्येकडील पर्जन्यवनांत व मध्यवर्ती डोंगराळ भागात राहतात. उंबरवर्गीय फळे, कोवळी पाने, फुले व कीटक हा त्यांचा आहार होय. गोळा केलेले अन्न ती गालांच्या आतील पिशव्यांत साठवून सुरक्षित जागी जाऊन खातात.

समाजजीवन

पोलोन्नरुवा येथील प्राचीन अवशेषांच्या परिसरात वुल्फगँग डिटस यांनी १९६८ पासून या माकडांचा दीर्घकालीन अभ्यास केला. माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात व मुलीचे स्थान आईच्या दर्जावरून ठरते. नर वयात आल्यावर टोळी सोडतात. खालच्या दर्जाच्या माकडांना अन्न कमी मिळत असल्याने दुष्काळाची झळ प्रथम त्यांनाच बसते. 'मंकी किंगडम' (२०१५) या चित्रपटाचे चित्रण याच परिसरात झाले.

मानवाशी संघर्ष व संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीस 'संकटग्रस्त' ठरविले आहे. जंगलतोडीमुळे अधिवास घटला असून ही माकडे शेतांत व वस्त्यांत शिरतात. नारळ, फळे व भाजीपाल्याच्या नुकसानीमुळे शेतकरी त्यांना उपद्रवी मानतात. गावांत माकडे सतत दिसत असल्याने ती विपुल आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ते वनांतील अन्न घटल्याचेही लक्षण असू शकते. २०२३ मध्ये सुमारे एक लाख माकडे चीनला पाठविण्याचा प्रस्ताव पुढे आला. पर्यावरणवाद्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले व त्याच वर्षी शासनाने माघार घेतली. पिकांच्या नुकसानीचा प्रश्न मात्र कायम आहे.